न लागलेला हात

यवतमाळला मानसोपचाराच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाप आणि त्याचा तरणा लेक बसले होते.

"नयन, मॅडमनं काय काढाले लावलं?"

"घर. मी दारात तुम्हाले काढलं. बाबांचे हात घराएवढे काहून, म्हणे."

"हळू बोल, लोक ऐकून राह्यले. कळंबच्या एनर्जी देणाऱ्या ताईनंच हिले सांगितलं असन."

"त्या एकमेकीले ओळखतही नाहीत. ताईनं अंगाले न लावता नुसता डोक्यावरून हात फिरवला, तर मी खाली वाकलो. कोणाचा हात आठवला, म्हणे."

"लहानपणचा मार अजून धरून बसला का तू?"

"धरून नाही बसलो, बाबा. आपोआप होते."

"कायचं आपोआप... अरे, वाकला काहून? चष्मा वर करून राह्यलो मी."

"माहीत आहे मले."

चष्मा नाकावर घसरलेलाच राहिला. बापानं दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.