पेशंटनं बोलायचं नाही

...आणि वर मलाच म्हणतात, काका, जरा नीट विव्हळा! अहो, नीट म्हणजे कसं? तुम्हाला सांगतो, लाँड्रीत उभी हयात गेली माझी, वाफेचा पाइप फुटला आणि डावा हात मनगटापासून सोलून निघाला, तेव्हा मी काय आधी घसा साफ करून सुरात विव्हळलो होतो?

तर हे ट्रेनिंग सेंटर. अ‍ॅम्ब्युलन्सवर जाणाऱ्या पोरापोरींना शिकवतात, भाजलेल्या माणसाला हॉस्पिटलात पोचेपर्यंत कसं सांभाळायचं ते. परीक्षेला पेशंट लागतो, म्हणून मी. खराखुरा भाजलेला, आयता मिळाला! पण पहिल्याच दिवशी ती मेकअपवाली बाई माझा डावा हात उलटापालटा करून बघते आणि म्हणते, "काका, हे खरं वाटत नाही हो." चार बोटांचा हात, आणि खरा वाटत नाही! मग तिनं माझ्या धडधाकट उजव्या हातावर मेण थापलं, लाल रंग फासला, फोड काढले, लांब उभी राहून म्हणाली, आता कसं! मला स्वतःचीच दया आली ते बघून. मी सरांना म्हटलं, निदान या हातात एक अंगठी तरी घाला. सर म्हणाले, घालू, पण काका, पेशंटनं बोलायचं नाही.

आता अंगठीच का? सांगतो. माझं बोट भाजून नाही गेलं, अंगठीनं गेलं. तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सवर दोन पोरं आली होती, चांगली होती, खोटं कशाला बोलू, हातावर पाणी धरलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलं, धीर दिला... आणि अंगठी आत तशीच! भाजलेला हात सुजतोच हो. बोट फुगलं, अंगठी काही फुगली नाही. वाटेत मी ओरडतोय, अंगठी आवळतेय, बोट तुटतंय, तर म्हणे, काका, बोलू नका, दमाल. हॉस्पिटलात अंगठी कापली, तोवर बोट काळंनिळं पडलं होतं. मग तेही कापलं.

बोटाचं मला एवढं नाही. पण ती अंगठी हिनं, म्हणजे बायकोनं, हौसेनं घेतलेली. मी कामावर घालत नव्हतो तर रुसून बसली होती, म्हणून घालायला लागलो. आता ती माझ्या डाव्या हाताकडे बघत नाही. चहाचा कप द्यायचा तरी वळसा घालून उजव्या बाजूला येते. तिला वाटतं, बोट तिनंच घालवलं. किती वेळा सांगितलं, अगं, तू नाही... ऐकत नाही. म्हणून जातो मी तिथं. आणखी कोणाच्या बायकोवर अशी मान फिरवायची पाळी येऊ नये म्हणून.

तर परीक्षा. सर शिकवतात बरं का, मी कानांनी ऐकलंय, पाणी धरता धरताच अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा, सूज यायच्या आत. पोरं माना डोलावतात. आणि माझ्यापाशी आली की? पहिली जोडी आली, पाणी, फडकं, नाडी, काका घाबरू नका... अंगठी बोटात. दुसऱ्या जोडीनं इतकं पाणी ओतलं की माझी पँट भिजली, अंगठी घासूनपुसून काढल्यासारखी लखलखली, पण बोटातच! मी बोट हलवलं, डोळ्यांनी खुणावलं, तर पोरगा म्हणतो, "सर, पेशंटला झटके येतायत." शेवटी मी विव्हळण्यातच घुसवलं, आई गं... अं... गं... ठी... की मागून सर, "काका, पेशंटनं बोलायचं नाही." अहो, मग बोलायचं कोणी? भाजलंय कोण?

एका पोरीनं मात्र पाणी धरता धरता अलगद अंगठी काढली, माझ्या दुसऱ्या हातात दिली आणि म्हणाली, "घरी काकूंकडे द्या हं, नाहीतर रागावतील." काय सांगू... डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सर म्हणाले, वा काका, आज छान रडलात.

बाकी सगळी नापास. मला वाटलं, चला, आता तरी सर झाडतील, पुन्हा शिकवतील. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन, एवढी नापास कशी, इकडे गाड्यांवर माणसं नाहीत. सरांनी फोन ठेवला, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले, चहा मागवला आणि असा काही गोड आवाज काढला म्हणता! "काका, पुढच्या फेरीला अंगठी नको घालूया. निकाल खाली येतो."

मी तोंड उघडलं, आणि माझं मीच मिटलं. पेशंटनं बोलायचं नाही ना! सरांनी स्वतः अंगठी काढली, अगदी हळुवार, शिकवतात तश्शी. फेरपरीक्षेत सगळी पास, टाळ्या काय, फोटो काय. उद्यापासून गाडीवर.

तेव्हा मंडळी, एवढंच सांगतो, यापुढे कधी भाजायला निघालात तर अंगठी घरी ठेवून निघत जा. निकाल खाली येतो.