बेंझोइक आम्लाचं साटंलोटं

मला डॉक्टर म्हणून चिडवता ना, मग ती डिग्री कशी मिळाली तेही ऐका.

नांदेडला माझा पीएच.डी.चा व्हायवा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चहात बिस्कीट बुडवत विचारलं, "मॅडम, स्फटिकात बेंझोइक आम्लाचे रेणू जोडीनंच का बसतात?"

सहा वर्षं त्याच्यावरच घासली होती मी. पण घाबरून इंग्रजी पार उडालं आणि तोंडातून आमचं अहमदपूर बाहेर पडलं.

"सर, ते साटंलोटं हाय. ह्या घरची पोरगी त्या घरी, त्या घरची ह्या घरी. एक रेणू आपला हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनपुढं करतो, दुसराही तसंच करतो. दोन बंध होतात, तोडायला लई जड."

माझ्या गाईडनी कपाळाला हात लावला.

"आणि एक बंध तुटला तर?" परीक्षकांनी विचारलं.

"तुटू कोण देतं सर? आपण त्यांच्या पोरीला छळलं, तर आपली पोरगी तिकडं सुखात राहील का? म्हणून दोन्ही घरं गुमान सांभाळून घेतात."

व्हायवा ऐकायला बसलेले सगळे हसले. फक्त गाईड आणि परीक्षक एकमेकांकडं बघत बसले. मला वाटलं, गेली डिग्री. पण परीक्षकांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही, सरळ सही ठोकली.

बाहेर आमच्या लॅबचे शिपाईमामा पेढे मागायला उभेच. म्हटलं, "मामा, एवढ्या लवकर कसं काय सोडलं हो मला?"

"तुम्हाला कोण अडवतंय मॅडम? सोमवारी आपले गाईडसर ह्याच परीक्षकांच्या विद्यार्थ्याचा व्हायवा घ्यायला जाऊन राहिलेत."