घराचं लिंग

टोकावड्याच्या स्टँडवर सरस्वती मुरबाडच्या एसटीची वाट बघत होती. मागच्या बाकावर निवृत्त कुंडलिक गुरुजी आणि त्यांच्या शेजारची भिमी बोलत बसले होते.

"गुरुजी, ही गुंडाळी कसली?"

"व्याकरणाचा तक्ता आहे गो. भोपाळला नातीला पोस्टानं धाडतोय."

"तिकडं शाळंत नाय शिकवत?"

"शिकवतात, पण त्यांचं निराळं. आपण नाम म्हणतो, त्याला ते संज्ञा म्हणतात. आपली लिंगं तीन, त्यांची दोनच. दोन्ही पुस्तकं समोर घेऊन जुळवलंय सगळं. निदान तिचं मराठी तरी सुटायचं नाही."

"मग तिकडं घर कशात?"

"पुल्लिंगात. म्हणून तर रविवारी फोनवर विचारत होती, 'आजोबा, तुमचा घर कसा आहे?'"

"मंग चूक सांगितली का नाय?"

"लगेच सांगितली. म्हटलं, 'तुमचा' नाही बाळा, 'तुमचं'."

"आवं, पण हितं होती तवा 'आपलं घर' म्हणायची ना?"

सरस्वतीला वाटलं, मागं वळून बघावं. ती वळली नाही.

"त्याला व्याकरणात चूक म्हणत नाहीत, भिमे."