हाताला आलेल्या मुंग्या

माझं माहेर मुखेडाकडचं, दिलं मला लातूरला. बाप आमचा बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला, भूतखेत, अंगात येनं, आसलं घरात बोलू द्यायचा न्हाई. पन माझी माय लघवीला बसून उठली की त्या जागंवर मुंग्या जमायच्या, ते मी डोळ्यानं बघितलंय. बाया म्हनायच्या, भुई तिला बोलवायली. बाप चिडायचा. पुढं मायच्या पायाची जखम भरलीच न्हाई, त्यातच गेली. काय सांगू भाऊ तुम्हाला, साखरंचा आजार तवा कोनाला ठाव व्हता.

लातूर नवा जिल्हा झाला, हापिसातले लोक लई आले, मी खानावळीत भाकरी थापू लागले. थापून थापून उजव्या हाताला मुंग्या यायल्या, बोटं बधिर, भाजलं तर वासानं कळायचं. डॉक्टर म्हनले मनगटात नस दबलीय, कापून मोकळी करू. नर्सबाईनं इचारलं साखर हाय का, मी म्हनलं बाई दुष्काळात कुठली साखर, चहा बी गुळाचा हाय. ती हसली, आन् तपासायचं तसंच राहिलं.

ऑपरेशन झालं. दुपारी टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची, मी एकलीच भिंतीला टेकून, हात मांडीवर. आन् त्या यायच्या. भिंतीच्या भेगंतून, एकामागं एक, चुलीजवळच्या चुऱ्याकडं बघायच्या बी न्हाईत, सरळ माझ्या पट्टीत शिरायच्या. शिरताना दिसायच्या, पन लागायचं काईच न्हाई, तो हात जसा माझा नव्हंच. मला माय आठवायची, लई भ्या वाटायचं. पन बापाची शिकवन, म्हनून घरात बोलले न्हाई.

डॉक्टर इचारायचे, मावशी, मुंग्या येतात का. मी म्हनायची हाव, लई येतात. ते खूश व्हायचे, म्हनायचे येऊ द्या, नस जिती व्हायली. मला वाटलं, शिकलेला मानूस म्हनतो, तर ह्याच हात जिता करत असतील. मी गप बसून येऊ द्यायची त्यांना.

टाके काढायला पट्टी सोडली तर दोन मुंग्या टेबलावर पडल्या, जखम उघडीच, पिवळी. डॉक्टरांनी एक चिमट्यात धरून बघितली. मंग हळूच म्हनले, मावशी, तुम्ही ह्या मुंग्या सांगत व्हत्या?

लघवी तपासली, साखरच साखर. म्हनले, ही आवरली न्हाई तर जखम भरनार न्हाई, हात काढावा लागंल. हात गेला तर लेकरांला काय घालू, मी तिथंच रडले. मंग रोज सुई, रोज पट्टी, पानी मिळंल तसं उकळून. उन्हाळा सरला तवा कुठं कातडं धरलं. हात वाचला, भाकऱ्या बी थापल्या पुन्हा. पन तीन बोटं जिती झाली न्हाईत ती न्हाईतच. नस लई दिवस दबलेली, वर साखर, डॉक्टर तरी काय करनार.

आता गोळ्या खाते, लेकीला सांगते तू बी तपासून घे. नातीला मीच शाळंत सोडते. परवा शाळंच्या दारात उभी व्हते, तर पोरगी रडकुंडीला येऊन म्हनली, आज्जी, दुखायलंय, सोड की. खाली बघितलं, तर माझी बोटं तिच्या मनगटात रुतलेली. मला वाटलं व्हतं, मी तिला कवाच सोडलंय. आता डाव्या हातानं धरते. सुखी राहा भाऊ तुम्ही.