इंजन गार हाय

इलाही : वैनी, हात लावून बगा की. पानी काठोकाठ भरलंय, रेडिएटर गार, इंजन तर रांजनावानी गार. सकाळधरनं गाडी चालूच केली न्हाई कुनी. आन् ह्यो दिवा बगा, लालभडक.

शालूबाई : लाल हाय ते मला बी दिसतंय, मिस्त्री. का लागलाय त्येवढं सांगा.

इलाही : सांगतो. ह्यो पितळंचा सेन्सर. पानी तापलं की ह्यो वरच्या दिव्याला कळवतो, गाडी तापली, थांबा म्हनून. पर ह्येची वायर घासून कुटं लोखंडाला टेकली, की न तापताच दिवा लागतो. खोटा दिवा. बोंबलायची सवय लागलेल्या पोरावानी. पाचगणीच्या येका बंद पडल्याल्या खेळाच्या बागंतनं तुमच्या फौजीनं ही चार चाकांची फटफटी आनली, तवाच म्या म्हनलं व्हतं, सयाजीराव, ही पोरांच्या खेळायची गाडी. क्रेट वडायची न्हवं.

शालूबाई : द्राक्षाच्या वळीत ट्रॅक्टर शिरत न्हवता. मिल्ट्रीतनं घरी आल्यापास्नं तेंच्या डोक्यात येकच, मांडवाखालनं जाईल आशी गाडी पायजे. आनली. पोरावानी फिरवली बगा आठ दीस.

इलाही : लय हौशी मानूस. ...ही घ्या, सेन्सरची वायर काढली. आता इझंल.

शालूबाई : न्हाई इझला.

इलाही : मग म्होरं कुटंतरी टेकलीया. दिव्याच्या बुडातनंच तोडतो, बाजारच उठला. ही तोडली.

शालूबाई : हाय तसाच हाय.

आकाराम : झालं का न्हाई वो मिस्त्री? वरच्या पट्टीत साठ क्रेट भरून पडल्यात. बेदान्याच्या शेडवर बाया हातावर हात ठिऊन बसल्यात. दिवा खोटा हाय न्हवं? मग जळंना का! माझं काय जातंय?

शालूबाई : भाऊजी, तुमी त्या गाडीवर बसायचं न्हाई.

आकाराम : वैनी, दादाला जाऊन वरीस झालं. आता गाडी काय पडवीत हळद-कुक्कू लावून ठेवायची?

शालूबाई : बारा वाजल्यात. डोईला साधं टॉवेल न्हाई तुमच्या. आत जावा, ताक प्या. मिस्त्रीला काम करू द्या.

आकाराम : ताक पितो. पर त्येच्यानंतर निघनार म्हंजी निघनार. सांगून ठेवतो.

इलाही : भावासारकाच हाय. थांबंल तर शप्पत. वैनी, आता बॅटरीच बाजूला काढतो. बॅटरीच न्हाई म्हनल्यावर कशावर जळंल? ...ही काढली. ठेवली खाली.

शालूबाई : मिस्त्री. आजून जळतोय.

इलाही : बगतोय. या अल्ला. बगतोय मी बी. तुमी जरा मागं सरा.

शालूबाई : मला मागं सरायचं न्हाई. म्या तुमास्नी गाडी नीट करायला बोलावलंच न्हाई. हात आकडल्यालं हाईत माझं वरीसभर, भाकरीला पीठ घेतलं तरी तीच दुपार आटवती. मला येवढंच सांगा, त्या दिवशी दिवा खरा व्हता, का खोटा?

इलाही : आसं का इचारताय?

शालूबाई : त्या दिवशी बी बाराच वाजल्यालं. ह्ये हितंच येऊन थांबलं. म्हनलं, "शालू, दिवा लागलाय. जरा बसतो. पानी दे." माझं हात बेदान्याची द्राक्षं बुडवायच्या तेलात. म्या म्हनलं, "मिस्त्रीनं सांगितलंय न्हवं, दिवा खोटा हाय म्हनून. दोनच खेपा ऱ्हायल्यात. तेवड्या टाका, मग प्या पानी." तर टाच जुळवली, सलाम ठोकला, "जी हुकूम," म्हनलं. हासलं. आन् गेलं.

इलाही : वैनी...

शालूबाई : चौथ्या वळीत सापडलं. सीटवरच, हँडलवर डोकं टेकून. अंग भट्टीवानी. डॉक्टर म्हनलं, ऊन लागलं. गाडी बंद पडलेली आन् दिवा लागल्याला. आता सांगा. दिवा खोटा आसंल, तर म्या सांगितलं ते बराबर व्हतं. खरा आसंल, तर म्या मारलं तेंला.

इलाही : तुमी एकल्या न्हाई. आदल्या दिशी फौजी कुंडलच्या चौकात मला भेटलं व्हतं. गाडी बी संगं न्हवती. म्या चा पीत बसल्यालो. कपबशी बी खाली ठेवली न्हाई, उचलली जीभ लावली टाळ्याला. "खोटा आसंल, चालवा बिनघोर." माती झाल्यावर तिसऱ्या दिशी गुमान येऊन गाडी खोलली. पानी भरल्यालं. कुटं काय जळल्यालं न्हाई. इंजन त्या दिवशी तापलंच न्हवतं वैनी. अल्लाची शप्पत.

शालूबाई : म्हंजी खोटा व्हता.

इलाही : वाटत व्हतं मला बी. बरं वाटलं व्हतं. पर... ह्या सीटला हात लावून बगा.

शालूबाई : का?

इलाही : लावा तर. मगाशी वायर काढताना कोपर टेकला माझा. चटका बसला.

शालूबाई : आगं आई गं. तवा हाय ह्यो. सावलीत उबी गाडी, आन्...

इलाही : इंजन गार हाय, वैनी. सीट तापलीया. बसल्याल्या मानसायेवढीच. कडंला हात लावा, तितं गार हाय.

शालूबाई : बसल्यालं हाईत.

इलाही : आसं नगा बोलू.

शालूबाई : दिवा गाडीचा न्हवताच, मिस्त्री. ह्ये येवढंच म्हनत व्हतं, पानी दे, पानी दे. आन् आपुन वायर शोधतोय.

(शालूबाई माठातून तांब्या भरून आणते आणि सीटवर ओतते. चर्र आवाज होतो. पडवीत वाफ दाटते.)

शालूबाई : घ्या. सावकाश घ्या. चुकलं माझं. खेपा गेल्या खड्ड्यात. बसा निवांत.

इलाही : वैनी... इझला. बगा, इझला.

शालूबाई : व्हय.

आकाराम : आरं वा! ताक पिऊन येतोय तवर इझला की दिवा! काय व्हतं वो मिस्त्री?

इलाही : काय न्हाई, आकाराम. वायर... न्हाई. मला न्हाई कळलं. खरंच न्हाई कळलं.

आकाराम : बरं, जोडा बॅटरी, म्या निघतो. सीट का वली हाय ही? आन् गार किती लागतीया!

शालूबाई : आदी बसा हितं, सावलीत. पानी प्या. ऊन कललं की जावा.

आकाराम : आवं, पर तांब्या तर रिकामाच हाय.

शालूबाई : भरून आनते. पयला तुमच्या दादांचा व्हता.