बालाजीची लोखंडी मशीन

—न्हाई न्हाई, तुमी खोला की, मी कुठं नको म्हणून राहिले? पान्हे तिथंच हायती, त्या निळ्या डब्यात. मी आपली उंबऱ्यात बसते, आत येत न्हाई. बालाजीची सक्त ताकीद हाय—आई, मशिनीपाशी यायचं न्हाई—तवा मी लांबच. तो अन् दिपक येतेतच आता. वसमतहून हट्ट्याला यायला कितीसा वेळ लागतोय, मोटारसायकल हाय. दिपक म्हंजे आमच्या सुनेचा, पुनमचा भाऊ. वसमतला लेथ मशीन हाय त्याची. बालाजीनं फोनवर सांगितलं असंल की? न्हाई? निस्तं 'मशीन झटके मारून राहिली' एवढंच? बरं. मग मीच सांगते, म्हंजे तुमी काय बोलायचं ते जरा इचार करून बोलाल. कारण दादा, तुमी नांदेडहून आलात मशीन बघायला, पण आज ह्या घरातलं सारं तुमच्या तोंडाकडं बघून राहिलंय.

तुमी तुमचं काम करा, मी बोलते. ह्या मशिनीचे लोखंडी पार्ट सारे दिपकनं करून दिलेत. अन् बालाजी आता म्हणतोय, मेव्हण्यानं जुना, गंजलेला माल माझ्या गळ्यात घातला. तिकडं त्याच्या वर्कशॉपात जाऊन बोलला, त्याच्या गड्यांसमोर. दिपक म्हन्ला, माल नवा हाय, तुलाच बसवता आलं न्हाई. तवापासून दोघांचं तोंड बंद. आज बालाजी त्याला घेऊन येऊन राहिलाय ते तुमच्यासमोर उभं करायला—मिस्त्री सांगंल तेच खरं म्हणतोय. अन् पुनम आत दार लावून बसलीय, बॅग भरून. तिनं साफ सांगितलंय, माझ्या भावाला चोर ठरवून ह्या घरातून लावून दिलं तर मी बी त्याच्याच गाडीवर बसून जाणार. ती उगं बोलायची म्हणून बोलत न्हाई. गेली की गेली. मला पोरगी न्हाई, दादा. ही आली तवापासून घरात कुणीतरी माझ्याशी बोलून राहिलंय. न्हाईतर बालाजीचं काय, तो बोलला तर मशिनीशी बोलतो.

तवा माझं एक ऐका. तुमी असं सांगा—लाइटीचा दोष हाय. आमच्या हट्ट्याची लाइट कशी हाय ते साऱ्या वसमत तालुक्याला माहीत हाय, घडीत पंखा रांगतोय, घडीत बल्ब उडतोय. तिच्यावर ढकललं तर कुणाला राग येत न्हाई. वायरमनला बी येत न्हाई. व्हय, खोटं बोलायला सांगून राहिले, मला कळतंय. तुमच्या कामाचं इमान असतंय. पण एका शब्दानं घर राहत असंल तर काय बिघडलं? बघा बापा. मी काही जबरदस्ती करत न्हाई.

तो लाकडी सांगाडा बघून राहिलात का कोपऱ्यातला? ती पहिली मशीन, कॉम्प्युटरवर लाकडात नक्षी कोरायची. प्लायवूडची. कपाटाच्या ड्रॉवरला चॅनल असतेत ना, ते लावले होते सरकायला, अन् हार्डवेअरच्या दुकानातला आट्याचा गज. सारं मोबाइलवर बघून केलं त्यानं, इथंच, आधी म्हशी बांधायच्या तिथं. लोक हसायचे. मी बी हसले, खोटं कशाला सांगू—गोल काढायला जायची अन् वांग्यासारखं निघायचं. काहून तर म्हणे लाकूड हलतंय, चॅनल हलतेत. पण देव्हाऱ्याच्या महिरपी काढायची ती, पाट्या काढायची, औंढ्याच्या दुकानात ठेवायला लागली माणसं. अन् मग एकदा काय झालं, लाकूड होतं सागाचं, गाठीचं. मशीन थरथरली अन् ते कापायचं बिट मोडून उडालं. इथं लागलं त्याला, डोळ्याच्या खाली. जरासं वर लागलं असतं तर—मी पदर दाबून धरला होता अन् पदर सारा भिजला. तो म्हणून राहिला, आई काही न्हाई, काही न्हाई. त्या दिवसापासून ह्या मशिनीचा आवाज सुरू झाला की माझं चित्त चुलीवर राहत न्हाई.

तवा दिपकनं मनावर घेतलं. म्हन्ला, दाजी, लाकूड सोडा आता. लोखंडी करू. ह्या जाड पट्ट्या त्यानं कापल्या, घासल्या, गुण्या लावून काटकोनात आणल्या. हे चकचकीत गाईड, ज्याच्यावर सारं सरकतंय, हे लांब दांडं—बॉल स्क्रू म्हणतेत, त्याच्यात छर्रे असतेत म्हणे—तुमाला मी काय सांगायचं. ते त्यानं पुण्याहून मागवलं. सुट्टीच्या दिवशी यायचा, दोघं मेव्हणे इथंच जेवायचे, ताटात बी भुसा. ज्या दिवशी मशीन सुरू झाली त्या दिवशी बालाजीनं पहिला गोल काढला, अन् पुनमनं हातातली बांगडी काढून त्याच्यावर ठेवली. बराबर बसली, जराबी इकडंतिकडं न्हाई. दिपकनं तर भाच्याचं बारसं असल्यासारखे पेढे आणले. लई चांगला दिवस होता तो. तसं हसलेला बालाजी मी त्याच्या लग्नात बी पाह्यला न्हाई.

मग बिघडली. आधी बारीक, कुठं रेघ सरकायची. मग झटके मारायला लागली, मधीच अडायची, कर्र करायची. एका देव्हाऱ्याच्या मोराची मानच बाजूला गेली. बालाजीनं मोटर बदलली, वायरी बदलल्या, त्या कॉम्प्युटरात काय काय केलं. रात्री उठून बसायचा. अन् मग हा गाईडवर सरकणारा छर्ऱ्यांचा डबा काढला त्यानं, अन् आतून लाल निघालं. लाल, तेलकट, चिखलासारखं. बोटावर घेऊन पुनमला दाखवलं—हा बघ तुझ्या भावाचा नवा माल, आतून गंजलेला. मी तवा शेतात गेल्ते, मी आले तोवर ह्यांचं सारं बोलून झालं होतं. पुनम चुलीपाशी बसलेली, भाकर करपून गेलेली. मला बी वाटलं, गंज दिसला म्हंजे माल जुनाच की. माणूस डोळ्यानं बघतंय त्याला काय म्हणायचं? मी पुनमला बोलले न्हाई काही, पण मनात आलं, पाव्हण्यानं असं काहून केलं असंल.

काय? तेल? व्हय, तेल बालाजीच घालतो, रोज संध्याकाळी. पातळ, मशिनीचं. ग्रीस न्हाई. न्हाई, दुसरं कुणी हात लावत न्हाई. पुसायला बी कुणी जात न्हाई, पुसायचं तर मीच पुसते.

—आता तुमी इचारलंच म्हणून सांगते, पण बालाजीपाशी बोलू नका. सकाळी पुसते मी. तो उठायच्या आधी. कारण मीच लावते ना. अवं हळद-कुंकू. लोखंडाची वस्तू घरात आली, अन् तिची पूजा न्हाई, असं कुठं असतंय का? आमच्यात खंडेनवमीला विळा-खुरप्याला बी कुंकू लागतंय. लाकडी होती तवा बालाजीनं सोताच केली पूजा, नारळ फोडलं. अन् ही आली तवा म्हणतोय, आई, हिला काही लावायचं न्हाई, हिला धूळ बी चालत न्हाई. मी म्हन्लं, डोळ्याखालची खूण बघ आरशात. तो हसला. पण मला झोप येईना, दादा. मग मी आपलं सकाळचं सडा-सारवण झालं की येते, कुणी उठलेलं नसतंय. ह्या दोन गाईडला हळद-कुंकवाचं बोट, अन् ह्या दांड्याला. तेल असतंयच लावलेलं, देवाच्या दगडावर असतंय तसं, लई छान चिकटतंय. अन् वर अक्षता. म्हणते, माझ्या लेकराच्या डोळ्याला सांभाळ. अन् मग पदरानं पुसून घेते, म्हंजे त्याला दिसायला नको. आट्याच्या खाचात काही राहिलं तर बोटानं आत ढकलायचं, दिसत न्हाई मग. रोज. एक दिवस चुकला न्हाई. पुण्याच्या मालाला काय, वसमतच्या मालाला काय, कुंकवानं कुणाचं—

असं काय बघून राहिलात?

काय निघालं? आणा इकडं. थांबा, चष्मा न्हाई माझ्यापाशी, उजेडात धरा. हे तर पीठ हाय. पांढरं कसं? ह्या छर्‍यांच्यात होतं? अन् हा अर्धा दाणा—हा तांदूळ हाय, दादा. लाल तांदूळ, अक्षतेचा. अन् हे डब्यातलं लाल… द्या बोटावर. न्हाई, द्या. मला वास तर येतोय की. गंजाला हळदीचा वास येत न्हाई.

थांबा जरा. माझा पदर बघा—इथं बी तेच लाल.

म्हंजे मीच. त्या झटक्याला बी मीच, त्या मोराला बी मीच. अन् दिपकला तिकडं गड्यांसमोर चोर म्हन्लं गेलं ते माझ्या कुंकवासाठी. अन् मी मनात म्हणून राहिले, पाव्हण्यानं असं काहून केलं. बाई बाई. पूजा म्हणून मी त्याच्या मशिनीचा गळा धरून बसले रोज सकाळी, अन् देवाला सांगून राहिले, सांभाळ.

न्हाई, पाणी नको. काय म्हन्लं? लाइटीचंच सांगतो? तुमी सांगाल? तुमी भले माणूस हात. मीच म्हन्लं होतं मघाशी, व्हय. साफ करून बसवून द्याल, मशीन चालंल, कुणाला काही कळणार न्हाई… मला मोह होऊन राहिलाय, खोटं बोलत न्हाई. तुमाला माहीत न्हाई बालाजी कसा हाय. ओरडला तर बरं. तो ओरडत न्हाई. तो गप्प होतो. मशीन तोडली मी त्याची, म्हन्ल्यावर तो मला काही म्हणणार न्हाई, ताट घेऊन इथं येऊन बसंल, अन् ह्या दाराला कडी घालंल आतून. त्याचीच भीती वाटून राहिली मला. ह्या वयात लेकरानं दार लावून घेतलं तर आईनं कुठं जायचं?

पण लाइटीचं सांगून काय व्हतंय, दादा? बोटावर लाल पाह्यलंय त्यानं. मशीन चालली तरी त्याच्या डोक्यातला गंज निघायचा न्हाई. दिपक चोर तो चोरच राहणार, अन् पुनम थांबली तरी मन तिचं बॅगेतच राहणार. मी तिच्या हातची भाकर खायची, अन् तिच्या भावाकडं बघून गप्प बसायचं? न्हाई. ते मला झेपायचं न्हाई. तो दाणा इकडं द्या. अन् ते लाल बी, कागदावर न्हाई, हातावरच द्या माझ्या. पुसू नका.

गाडी वाजली का? व्हय, त्याचीच हाय. दोघं हायती, आवाज जड येऊन राहिलाय.

तुमी उठा आता, दादा. हात धुवा तिकडं रांजणापाशी अन् ओसरीत बसा, चहा येईल तुमाला. न्हाई, तुमी काही सांगायचं न्हाई. तुमी जे शोधायचं ते शोधलं, आता हे घरचं हाय. जा.

पुनम, दार उघड. बॅग राहू दे तिथंच, तू निस्ती बाहीर ये.

ये दिपक. आत ये. न्हाई, दारात उभा राहून न्हाई, बस आधी. बालाजी, तिकडं मिस्त्रीकडं काय बघून राहिलास? त्यांना काही इचारू नको. इकडं माझ्या हाताकडं बघ.