तीन ते बारा इंच

उद्या बर्फाचं वादळ येणार म्हणून अमेरिकेत, व्हर्माँटमधल्या एका लहानशा गावातल्या दुकानात दूध-पावासाठी रांग लागली होती. टीव्हीवर हवामान सांगणारा एमोरी कानटोपी भुवयांपर्यंत ओढून रांगेत उभा होता. त्याच्या मागे दोन आज्या होत्या.

“तीन ते बारा इंच बर्फ म्हणे. एवढं तर माझी मांजरही सांगेल, डोरीन.”

“वादळ समुद्राकडे सरकलं तर तीन, नाहीतर बारा. नीट सांगितलं की त्याने, विनी.”

“मागच्या खेपेला आठ म्हणाला होता. भुरभुरलंसुद्धा नाही.”

“पण दुसऱ्या दिवशी ‘माझं चुकलं’ म्हणाला. तुझ्या नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकलंस ते?”

“मेल्विनला कशाला मध्ये आणतेस? लेक उद्या तान्ह्या बाळाला घेऊन निघणार आहे. तिला काय सांगू ते बोल.”

“थांब, बघते.”

डोरीनने टाचा उंचावून एमोरीच्या ट्रॉलीत डोकावलं.

“नवं फावडं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायचं मीठ, दोन पिशव्या. मेणबत्त्या. लाव लेकीला फोन, म्हणावं आजच निघ.”

“बारा?”

“टीव्हीवर तीन ते बारा. ट्रॉलीत बाराच.”

एमोरीने शेजारच्या फळीवरून एक काडेपेटीही उचलली.

“तेरा म्हण,” डोरीन म्हणाली.